अवसेला चाललेलं मशीन

सांगली, २० जानेवारी १९७५

तीर्थरूप मामांच्या पायी अनंताचा नमस्कार.

मशीन काल ट्रकवर चढवलं. ट्रकवाला ओळखीचा आहे. साताऱ्यात हळदीची पोती टाकून पुढं मेढ्याला तुमच्या दारात उतरवून देतो म्हणाला. त्याला चहा पाजा, पण मोटरीला हात लावू देऊ नका.

दिवाळीत आलो तेव्हा तुम्ही लालासाहेब सुभेदारांच्या नव्या घराचं काम धरलं होतं. नऊ खिडक्या, एकेकीला दोन झडपा, एका झडपेला चार लाकडं, म्हणजे बहात्तर लाकडं. तेवढ्यांच्या कडा काचकागदानं हातानं घासायच्या. तुम्ही घासता घासता मध्येच थांबत होता आणि कड बोटांनी चाचपत बसत होता, ते मी पाहिलं. मनात म्हटलं, मामांचा खांदा गेला. तुम्ही बोलणार नाही हे ठाऊक होतं. वडील गेल्यावर सात वर्षं तुमच्या घरी जेवलो, रंधा धरायला तुम्हीच शिकवलंत. एवढं तरी माझ्याकडून घ्या.

मशीन सोपं आहे. दोन रूळ आहेत, त्यांच्यावर काचकागदाचा पट्टा उभा फिरतो. शेजारी लोखंडी टेबल. लाकूड टेबलावर ठेवायचं, कड पट्ट्याला टेकवायची आणि सरकवत न्यायची. दोन दिवसांचं काम दोन तासांत. बाजारातलं असलं मशीन आपल्याला झेपायचं नाही, म्हणून आमच्या वर्कशॉपमध्येच बनवलं. पण नवं कोरं आहे बरं का.

पट्टे दोन पाठवलेत. पोचल्याचं कळवा.

आपला,
अनंत

—

मेढा, २ फेब्रुवारी १९७५

चिरंजीव अनंतास केरबाचा आशीर्वाद.

मी सांगतोय, सूनबाई लिहितीया. मी बोलतो तसंच लिही, त्यात वाईच्या शाळेतलं शहाणपण घालू नकोस, असं तिला बजावलंय. माझ्या चष्म्याची काच फुटलीया म्हणून तिला बसवलंय. दुसरं काय कारण न्हाई.

मशीन पोचलं. चार गड्यांनी उतरवलं. लय जड हाय. नानासो पोस्टमन म्हणाला, केरबा, ह्येच्यावर बसून साताऱ्याला जाशील काय? मी म्हटलं, तू टपाल वाट, मी माझं बघतो.

पट्टा माझ्या हातानं बसवला. बटन दाबलं. मशीन जे काय बोंबललं, गल्लीतली कुत्री उठली. चार लाकडं घासायच्या आत फाट झालं आणि पट्टा जोडावर उसवून माझ्या कानाजवळनं गेला. देवाची कृपा. आता ते कोपऱ्यात उभं हाय. त्याचं मुस्काट भिंतीकडं करून ठेवलंय.

आणि एक. मशीन तापलं की हळदीचा वास येतो. सूनबाई म्हणती, मोटरीतनं पिवळी पूड पण पडती. नव्या मशीनला हळद कशी रं?

अक्षय तृतीयेला लालासाहेबाची वास्तुशांत हाय. त्याच्या आत नऊच्या नऊ खिडक्या लागल्या पायजेत. न्हाई लागल्या तर साताऱ्यास्नं दुसरा सुतार आणीन म्हणून तो एकदा बोलून गेलाय. माणूस फौजेतला, बोलला म्हंजे बोलला. आता एवढं मोठं काम परत माझ्या हाताला लागंल असं वाटत न्हाई. तवा हे माझ्याच हातनं व्हायला पायजे.

केरबा

ता. क. भाऊजी, नमस्कार. यांचं राजस्थानातून पत्र आलं, पलटणीत सगळं ठीक आहे. मामंजींची तब्येत बरी आहे. — पद्मा

—

सांगली, ७ फेब्रुवारी १९७५

तीर्थरूप मामांना नमस्कार.

पत्र वाचून हसलो आणि घाबरलोही. मामा, तुम्ही पट्टा उलटा बसवला. पट्ट्याचा जोड तिरका असतो. तो एकाच दिशेनं फिरायला हवा, उलटा फिरला की लाकडाला अडून उसवतो. म्हणून तर आतल्या बाजूला बाण काढलाय, आंधळ्यालाही दिसेल एवढा मोठा! पट्टा रुळावरून वर किंवा खाली सरकायला लागला तर डाव्या रुळाची चावी पाव फेरा फिरवा, जास्त नाही. आणि लाकूड ठेवल्यावर लगेच जोर लावू नका. ज्या टोकाला आधी जोर पडतो तिथं कड खोल जाते.

हळदीचं म्हणाल तर मशीन पाठवण्याआधी पूजा केली होती. हळदकुंकू जरा जास्तच वाहिलं गेलं.

पद्मावहिनी, तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे, पण दर ओळीला शाई पुसते. कागद लावून लिहीत जा.

अनंत

—

मेढा, १३ फेब्रुवारी १९७५

चि. अनंतास आशीर्वाद.

गड्या, माझं डोकं चालंना झालंय.

परवा मंगळवारी अवस होती. अवसेला सुताराच्या घरी करवतीला हात लावायचा नसतो, हे तुला सांगायला नको. मी नानासोबरोबर डोंगरावर देवीला गेलो. रात्री तिथंच मुक्काम केला. बुधवारी येऊन दुकानाचं दार उघडलं. लाकडं जिथल्या तिथं रचलेली. वरच्या लाकडावरनं हात फिरवला. कड गुळगुळीत. दुसरं घेतलं, ते पण गुळगुळीत. अरं, बहात्तरच्या बहात्तर!

खुणा गेल्या, अनंता. तुला ठाऊक हाय, आपण कुसू हातानं कापतो. ह्या लाकडाच्या टोकाचं कुसू त्याच्या जोडीच्या लाकडाच्या भोकात बसतं, दुसऱ्यात न्हाई. म्हणून जोडून बघितल्यावर, सुटं करायच्या आधी, दोन्ही लाकडांच्या कडंला पटाशीनं काप द्यायचे. एक, दोन, तीन, आडवे, तिरके. ती कड चौकटीच्या आत जाती, कुणाला दिसत न्हाई. आपल्याला तेवढी कळती, म्हणून घासताना खूण राखायची. माझ्या बापाची तीच रीत, आज्याची तीच. आता बहात्तर लाकडं सारखीच. कुणाचं कुसू कुणाचं, काय कळायला मार्ग न्हाई.

अवसेच्या दिवशी मशीन चालवलं कुणी? घरात सूनबाईबिगर कुणी नव्हतं. तिला इचारलं. ती म्हणाली, मला काय म्हाईत? आता तिनं तरी कुठनं सांगावं? ती त्या मशीनला भिऊन लांबनं जाती.

हे पण लिही म्हटलं तर पेन थांबलं. लिही की गं!

तर मला एवढं कळव, असलं मशीन आपल्या आपण चालू होतं काय?

केरबा

—

सांगली, १८ फेब्रुवारी १९७५

तीर्थरूप मामांना नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा वेगळंच कळलं.

मशीन आपोआप चालत नाही, मामा. बटण दाबावंच लागतं. समजा, उंदरानं दाबलं, तरी लाकूड पट्ट्याला कोण टेकवणार? आणि टेकवून झाल्यावर परत रचणार कोण? आमच्या मिस्त्रींना विचारलं, तर ते म्हणाले, मेढ्याला भुतं कष्टाळू दिसतात. रागावू नका, पण तुम्हीच देवीला जायच्या आधी घासलं आणि विसरलात, असं तर नाही ना? काम डोक्यात असलं की माणसाला भान राहत नाही.

काहीही असो, कडा गुळगुळीत झाल्या ही चांगलीच गोष्ट. खुणांचं एवढं काय? जो जोड बसेल तो बसवा, फट राहिली तर लांबी भरा. रंगाखाली झाकून जातं. सांगलीत सगळे तसंच करतात.

पहिला पट्टा जाडा होता, म्हणून जास्त लाकूड खाल्लं असेल. सोबत बारीक कागदाचा पट्टा पाठवतो आहे. त्यानं कड आणखी गुळगुळीत होईल.

अनंत

—

मेढा, २५ फेब्रुवारी १९७५

अनंता,

मी तुला म्हटलं गुळगुळीत झालं म्हणून बोंब हाय, तर तू आणखी गुळगुळीत करायचा पट्टा धाडतोस. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

आणि लांबी भरा? माझ्याकडं सात वर्षं राहिलास आणि लांबी भरायला शिकलास? केरबाच्या खिडकीला लांबी न्हाई. पुन्हा असं लिहिलंस तर पत्र फाडून चुलीत घालीन.

पट्टा खुंटीला टांगलाय.

केरबा

(आतल्या घडीत स्वतंत्र चिठ्ठी)

भाऊजींना पद्माचा नमस्कार. ही चिठ्ठी मामंजींना ठाऊक नाही.

मशीन मी चालवलं. अवसेच्या दिवशी मी घरी एकटी होते. तुमचं पत्र मीच वाचून दाखवते, त्यामुळे बाण, चावी, पाव फेरा, सगळं मला पाठ होतं. वाटलं, मामंजी येतील तोवर कडा घासून ठेवाव्यात, त्यांचा खांदा तरी वाचेल. पदर खोचला, बांगड्या वर सारल्या आणि बसवला पट्टा. भाऊजी, काय सांगू, इतकं छान वाटलं! तिन्हीसांजेपर्यंत बहात्तर लाकडं झाली. कडांवर बारीक काप होते. मला वाटलं, पटाशी घसरली असेल. मी ते शोधून शोधून घासले. माहेरी आमच्याकडं बैलगाड्यांचं काम. चाकाला असल्या खुणा नसतात, मला कुठून कळणार?

सकाळी मामंजी एकेका लाकडावरून हात फिरवत खूण शोधत राहिले. विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, मला काय माहीत. आता सांगायची हिंमत होत नाही. त्यातून अवसेच्या दिवशी हत्याराला हात लावला, तो गुन्हा वेगळाच.

आणि दुसरी गोष्ट जास्त मोठी आहे. चष्म्याची काच फुटलेली नाही. मामंजींना दिसत नाही. उजेड-अंधार कळतो, समोर माणूस उभा आहे एवढं कळतं. बाकी सगळं धुकं. ते खुणा बोटांनी वाचायचे. दिवाळीत तुम्ही पाहिलंत तो खांदा नव्हता. लालासाहेबांना कळलं तर काम जाईल आणि काम गेलं तर हा माणूस बसल्या जागी खचेल. ते कुणाला कळू देत नाहीत आणि मला कळलंय हे मी त्यांना कळू देत नाही. तुमच्या पत्रातलं आंधळ्याचं वाक्य मी वाचून दाखवलं नाही.

काय करू, सांगा. शाई पुसते कारण मी डावरी आहे. यांच्याशिवाय सासरी कुणाला ठाऊक नाही. आईनं बजावून पाठवलंय, सासरी डावा हात पुढं करायचा नाही. मामंजींना दिसत नाही म्हणून ते एक निभावतंय.

पद्मा

—

सांगली, २ मार्च १९७५

(पहिली दोन पानं, वाचून दाखवण्यासाठी)

तीर्थरूप मामांना नमस्कार. लांबीबद्दल चुकलो, क्षमा करा. मला एक सुचतं. प्रत्येक कुसू हातानं कापलेलं आहे, म्हणजे एकासारखं दुसरं नसणार. एक लाकूड घ्यावं आणि बाकीच्यांत घालून पाहावं. घट्टही नाही, सैलही नाही, असं एकच भोक निघेल. एकट्यानं होणार नाही, लाकडं हातात द्यायला पद्मावहिनींना घ्या. इथं उसाचा हंगाम चालू आहे, चरकांची दुरुस्ती संपल्याशिवाय मालक सोडत नाहीत, नाहीतर मीच आलो असतो. जोड सापडला की वहिनींना पेन्सिलनं आकडा घालायला सांगा.

(पुढची दोन पानं, मामांना वाचून दाखवू नका)

वहिनी, चिठ्ठी वाचून दिवसभर हात चालला नाही. मी मामांना आंधळ्यालाही दिसेल असं लिहिलं! आणि स्वतःच घासून विसरलात, असंही लिहिलं! माझी जीभ झडली कशी नाही?

तुम्ही सांगितलंत, आता माझंही ऐका. मशीन नवं नाही. मोटर हळद घोटायच्या पिंपावरची आहे, टेबल भंगारातलं, एक रूळ चरकाचा. एका गिऱ्हाइकानं परत केलेलं मशीन होतं, मी दुरुस्त करून रंग मारला. मामांनी मला पोटच्या पोरासारखं वाढवलं आणि मी त्यांना जुनं दिलं, हे कळलं तर काय वाटेल त्यांना? कृपा करून बोलू नका.

डोळ्यांचं म्हणाल तर मोतीबिंदू असणार. मिरजेला डोळ्यांचे चांगले डॉक्टर आहेत, त्यांच्याकडं मी जाऊन येतो. फक्त मामांना तयार कसं करायचं? त्यांच्या वडिलांचा डोळा एका वैदूनं सुईनं घालवला होता. लहानपणी मी मामांच्या तोंडून ती गोष्ट ऐकलीय. डोळ्याला कुणी हात लावतो म्हटलं की ते उठून जातात.

अनंत

—

मेढा, १० मार्च १९७५

चि. अनंतास आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. कागद चार वाजले, बोलणं दोन कागदांचंच झालं. सूनबाई म्हणती, तुमचा भाचा मोठ्या अक्षरात लिहितो. असंल.

तू सांगितलंस तसं चाललंय. सूनबाई एकेक लाकूड हातात देती, मी कुसू भोकात घालून बघतो. घट्ट झालं की बाजूला. सैल झालं की बाजूला. परवा दिवसभरात एक झडप जुळली. काल तीन, आज तीन. कुसू आपलं भोक वळखतं रं. हाताला एकदम कळतं, जागेवर बसलं म्हणून. सूनबाईला पण आता कळाय लागलंय. मी बोलायच्या आत म्हणती, मामंजी, हे न्हवं. अठरातल्या सात झाल्या.

पर एक गोष्ट डोक्यात बसत न्हाई. मशीन अवसेला एकदाच चाललं. परवा परत अवस येतीया, असं नानासो म्हणतो. त्या रात्री दुकानात झोपून बघतो, चालतंय काय.

सूनबाईला ठसका लागला. पाणी पिऊन येती म्हणाली.

केरबा

ता. क. भाऊजी, काय करू? ते खरंच झोपणार आहेत. मशीन चाललं नाही तर विचारतील आणि चाललं तर मलाच चालवावं लागेल. डॉक्टरांचं लवकर कळवा. — प.

—

(पोस्टकार्ड) सांगली, १५ मार्च १९७५

सौ. पद्मावहिनींस नमस्कार. घाईत लिहितो, पाकीट संपलं. मिरजेच्या डॉक्टरांना भेटलो. मामांना काहीच दिसत नाही हे सांगितलं. ते म्हणाले, घेऊन या, मोतीबिंदू पिकला असेल तर काढता येईल. मेमध्ये वेळ देतात. मामांना अजून सांगू नका आणि लालासाहेबांच्या कानावर तर अजिबात जाऊ देऊ नका. मशीनचं गुपित सांभाळा. — अनंत

—

मेढा, २४ मार्च १९७५

श्रीयुत अनंतराव यांस नानासो पोस्टमन याचा रामराम. आपले मामा केरबा सुतार हे माझ्या ओट्यावर बसून सांगत आहेत आणि मी लिहीत आहे. आपले कार्ड मीच मोठ्याने वाचले. गावात कार्ड आले की ते वाचून दाखवण्याचा माझा शिरस्ता आहे, बऱ्याच जणांना अक्षर येत नाही. सौ. पद्माबाई विहिरीवर गेल्या होत्या. ओट्यावर पाचसहा मंडळी होती. माझी चूक झाली. आता मामांचे बोलणे जसेच्या तसे.

अनंता, तू कार्डावर गुपित लिहितोस! तुझ्यापरीस तो दवंडीवाला बरा, तो निदान आधी हलगी वाजवतो.

दुपारीच लालासाहेब आला. म्हणाला, "केरबा, दिसत न्हाई म्हणं तुला?" मी म्हटलं, "व्हय." एवढं सोपं होतं ते. दोन वर्सं तोंडातनं निघंना, आणि निघालं तर एका शब्दात. तो म्हणाला, "मग माझ्या खिडक्या कोण करतंय?" मी जुळवलेली झडप त्याच्या पुढ्यात धरली. म्हटलं, "सुभेदार, डोळं मिटा आणि हात फिरवा. जोड कुठं हाय ते सांगा." त्यानं मिटलं. दोनदा हात फिरवला, तिसऱ्यांदा फिरवला. मग म्हणाला, "अक्षय तृतीया, लक्षात असू दे," आणि गेला.

आता तुला सांगतो ते कान उघडून ऐक. माझ्या डोळ्यांचं तुमी दोघं माझ्यापासनंच लपवत बसला. माझं डोळं गेल्याचं मला ठाऊक नसंल व्हय रं?

तुझं मशीन जुनं हाय. पायाला दोन भोकं जास्तीची हायत, आधी कुठंतरी ठोकलेलं होतं. आणि हळद पूजेची न्हवं, पोतंभर हाय. पर मशीन चांगलं हाय. जुनं दिलंस त्याचा राग न्हाई, आमच्या दुकानात नवं हाय तरी काय?

आणि अवसेला मशीन सूनबाईनं चालवलं, हे मला त्या सकाळीच कळलं. लाकूड पट्ट्याला टेकवताना ज्या हाताचा जोर आधी पडतो त्या टोकाला कड जरा खोल जाती. तूच लिहिलं होतंस. माझ्या-तुझ्या हातानं ती उजव्या टोकाला जाईल. ह्या बहात्तर लाकडांना डाव्या टोकाला अंगठा बसतो. सून डावरी हाय. घरात येऊन दोन वर्सं झाली, तिचं तोंड मी बघितलेलं न्हाई, पर हात बघितला. पहिल्या धा लाकडांना खड्डा खोल हाय, मग कमी कमी होत गेलाय. शेवटच्या लाकडाला शोधावा लागतो. एका दिवसात बाई काम शिकली, अनंता. कुणी शिकवलं न्हाई.

मी तिला बोललो न्हाई आणि तू पण बोलायचं न्हाई. तुला तुझा पाट आठवतो काय? पाय वाकडा बसवलास आणि महिनाभर पोत्याखाली लपवून ठेवलास. मला पहिल्या दिवशी ठाऊक होतं. तू रडत येऊन सांगितलंस, त्याच दिवशी तुझ्या हातात पटाशी दिली. माझ्या बापानं माझ्याशी तसंच केलं होतं. चूक लपवणाऱ्याच्या हातात पटाशी द्यायची न्हाई, सांगणाऱ्याला द्यायची. तिला तिच्या तोंडानं सांगू दे. अवसेला दुकानात झोपलो ते तेवढ्यासाठीच. म्हटलं, येईल, सांगंल. आली, पांघरूण घालून गेली. मी झोपलोय असं तिला वाटलं.

मिरजेचं म्हणशील तर मला भ्या वाटतं. बापाचा डोळा मी जाताना बघितलाय. तरी येतो. वास्तुशांत झाली की येतो. सुनंचं तोंड न बघता मरायचं न्हाई.

केरबा

मी हे कुणाला सांगणार नाही. — नानासो

—

मेढा, २० मे १९७५

भाऊजींना पद्माचा नमस्कार.

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं आम्ही निघतो. तुम्ही मिरजेच्या स्टँडवर उभे राहा. मामंजींनी कालपासून तीनदा विचारलं, डॉक्टर सुई वापरतात का? मी म्हटलं, अनंतभाऊजींनी सगळं विचारलंय. तुम्ही विचारलेलं नसलं तर आता विचारून ठेवा.

नऊ खिडक्या लागल्या. वास्तुशांतीच्या दिवशी लालासाहेबांनी सगळ्यांसमोर एक एक झडप उघडून मिटून दाखवली, डोळे मिटून. लोक हसत होते. मामंजी हसले नाहीत, त्यांनी फक्त आवाज ऐकला. घरी येताना म्हणाले, "चौथी जरा घासती, पावसाळ्यात फुगंल."

आता जे सांगायचं ते सांगते. शेवटची झडप राहिली तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, मामंजी, अवसेला मशीन मी चालवलं, तुमच्या खुणा मी घासल्या. म्हटलं आणि रडायलाच लागले. भाऊजी, ते इतके चकित झाले! म्हणाले, "काय सांगतीस! मला तर वाटलं होतं, मशीन आपल्या आपण चाललं!" त्यांना जरासुद्धा शंका आली नव्हती. आपण दोघांनी चांगलंच सांभाळलं म्हणायचं. मशीनचंही त्यांना काही कळलेलं नाही, तुम्ही निर्धास्त राहा.

मग त्यांनी स्वतःची पटाशी माझ्या पुढ्यात ठेवली. म्हणाले, खूण कडंला द्यायची न्हाई आता, मशीन खातं. कुसवावर द्यायची, तिथं पट्टा पोचत न्हाई. दे. मी उजव्या हातात पटाशी धरून टेकवली, ती घसरली. ते म्हणाले, "तुझ्या हातानं दे." मी म्हटलं, माझ्याच हातानं देतेय की. ते म्हणाले, "त्या न्हवं, दुसऱ्या."

मी डाव्या हातानं काप दिला. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, बराच वेळ. म्हणाले, "आमच्या घराच्या खुणा आजवर उजवीकडं कलल्या, ही डावीकडं कललीया. अशीच ठेव. डोळं आलं तर बघीन, न्हाई आलं तरी तुझी खूण माझ्या बोटाला लागंल."

शेवटच्या झडपेत ती खूण आहे. आता ती चौकटीत बसली, कुणाला दिसणार नाही.

फक्त एक कोडं उरलंय, भाऊजी. तुम्ही सांगितलं नसणार, माझा विश्वास आहे तुमच्यावर. मग मी डावरी आहे हे मामंजींना कळलं कसं?

पद्मा